गव्हाणीपाशी शिकलेलं

आमच्या नगर जिल्ह्यात नाताळ जवळ आला की शेजारणी विचारतात, "काय बाई, आली ना तुमची दिवाळी?" प्रश्न प्रेमाचा असतो. मीही "हो, या फराळाला" म्हणते आणि करंज्यांचं सारण परतायला आत जाते. पण हा सण म्हणजे श्रद्धा ठेवणाऱ्याला नेमकं काय, हे दारात उभ्याउभ्या सांगण्यासारखं नसतं. सरकारी शाळेतून मी निवृत्त झाले, चर्चच्या रविवारच्या शाळेतून मात्र मला कुणी निवृत्त करत नाही. मुलांचं नाताळचं नाटक बसवताना, कॅरलच्या फेरीत थंडीत कुडकुडताना, घरातली सुखदुःखं काढताना या सणाबद्दल जे उमगत गेलं ते इथे मांडते. ईश्वरविज्ञान शिकलेल्यांनी हे वाचलं नाही तरी चालेल.

१. तारखेवरून वाद घालू नये

डिसेंबर लागला की आमच्या मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी तोच मजकूर पुढे ढकलतं: बायबलमध्ये २५ डिसेंबर दाखवा! तो दाखवता येत नाही, कारण तो तिथे नाहीच. पवित्र शास्त्रात येशूच्या जन्माचा ना दिवस आहे ना महिना. सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांचा मोठा सण पुनरुत्थानाचा. जन्माचा सण बराच मागाहून आला. २५ डिसेंबरची सर्वांत जुनी स्पष्ट नोंद रोममधल्या इ.स. ३५४च्या एका पंचांगवजा संग्रहात सापडते. पूर्वेकडच्या कितीतरी मंडळ्या आजही ७ जानेवारीला नाताळ करतात, आर्मेनियन मंडळी ६ जानेवारीला.

खरी गंमत तर पुढेच आहे. आमच्याकडे सुवार्ता आणली ती अमेरिकन मिशनऱ्यांनी. गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईत उतरले, १८३१ मध्ये नगरला मिशनचं ठाणं झालं. ही माणसं न्यू इंग्लंडच्या प्युरिटन वळणाची. त्यांच्या मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ पासून १६८१ पर्यंत नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता, तोही कायद्याने. तिथे नाताळची सरकारी सुट्टी सुरू झाली ती १८५६ मध्ये. म्हणजे ज्यांनी आम्हांला ख्रिस्त दिला, त्यांच्या वाडवडिलांच्या घरी नाताळच नव्हता! त्यांचं म्हणणं असं, की शास्त्राने न सांगितलेला सण माणसाने काढू नये, आणि सणाच्या नावाखाली खाण्यापिण्याचा धिंगाणा तर मुळीच घालू नये. यातलं दुसरं म्हणणं मला आजही पटतं.

पहिलं पटत नाही. आमच्या आधीच्या पिढीत जन्मतारीख ठाऊक नसलेली माणसं घरोघर होती. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून टाकली, की पेन्शनपर्यंत तीच चालली. तारीख अंदाजाची होती म्हणून ती माणसं जन्मलीच नाहीत, असं कुणी म्हटलं नाही. आम्ही तारीख साजरी करत नाही. देव माणूस झाला, हाडामांसाचा झाला, या गोष्टीचा हा सण आहे.

२. थांबणं हाही सणाचाच भाग आहे

नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ. पहिल्या रविवारी मुलं उत्साहाने येतात आणि हिरमुसतात. वेदीवरून पाळकसाहेब बोलत असतात न्यायाच्या दिवसाबद्दल, मग बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाबद्दल, पश्चात्तापाबद्दल. बाळ कुठे आहे? बाळ शेवटच्या रविवारपर्यंत येत नाही. दुकानांतून मात्र नोव्हेंबरपासूनच लाल टोप्या लटकतात आणि पहिल्या दिवशी नवा वाटलेला केक २५ तारखेपर्यंत नकोसा होतो. मला हे चार रविवार हल्ली सणाइतकेच प्रिय झालेत. भांडण मिटवायचं असेल, कुणाचे पैसे द्यायचे असतील, बहिणीला फोन करायचा राहिला असेल, तर ते या दिवसांत उरकावं. घराच्या भिंतींना रंग देण्यापेक्षा ते अवघड आहे.

३. हेरोदाला नाटकातून काढू नका

रविवारच्या शाळेचं नाटक म्हणजे चादरींचे झगे, पुठ्ठ्याला सोनेरी कागद चिकटवून केलेले मुकुट आणि गव्हाणीत बाहुली, कारण खरं बाळ ऐन वेळी भोकाड पसरतं. मरिया होण्यावरून मुलींत रुसवेफुगवे होतात. योसेफ व्हायला कुणी राजी नसतं, कारण त्याला एकही वाक्य नाही. ते शास्त्राला धरूनच आहे. चारही शुभवर्तमानांत योसेफाच्या तोंडी एक शब्द नाही. स्वप्नात आज्ञा होते, तो उठतो आणि सांगितलेलं करतो. मी त्या मुलाला दरवर्षी सांगते, सगळ्यांत मोठा पार्ट तुझा आहे. तो विश्वास ठेवत नाही.

नाटकात आपण बरंच घालतो. जन्माची हकिकत सांगितली आहे ती फक्त मत्तय आणि लूक या दोघांनी. मार्क थेट यार्देन नदीपासून सुरुवात करतो आणि योहान सृष्टीच्याही आधीपासून. तारा मत्तयाचा, मेंढपाळ लूकचे. पूर्वेकडून आलेले ज्ञानी लोक तीन होते असं कुठे लिहिलेलं नाही, ते राजे होते असंही नाही, आणि ते आले तेव्हा बाळ घरात होतं. बैल आणि गाढव तर दोघांच्याही हकिकतीत नाहीत. यशयाच्या एका वचनावरून ते चित्रांत शिरले, आणि असिसीच्या फ्रान्सिसने १२२३ मध्ये ग्रेच्चो गावी खऱ्या बैलगाढवांसह गव्हाणीचा देखावा मांडला तेव्हापासून ते आणखीच पक्के झाले. याला माझी हरकत नाही. घातलेलं चालतं, गाळलेलं चालत नाही.

आणि गाळला जातो तो हेरोद. "लहान मुलांचं नाटक, सणाचा दिवस, त्यात बाळांची कत्तल कशाला?" असं पालक म्हणतात. तेही वाईट भावनेने म्हणत नाहीत. पण हेरोद काढला की उरतं ते नुसतं गोंडस चित्र. दोन वर्षांखालच्या मुलांवर शिपाई सोडणारा राजा ज्या जगात आहे, त्याच जगात हे बाळ आलं. त्याचे आईबाप रातोरात मिसरात पळाले. प्रभूचा पहिला लांबचा प्रवास हा निर्वासिताचा प्रवास होता. मंडळीच्या पंचांगात २८ डिसेंबर हा त्या मारल्या गेलेल्या बाळांचा दिवस आहे. नाताळचा फराळ संपायच्या आत तो येतो, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं. म्हणून आमच्या नाटकात हेरोद असतो, आणि तो पार्ट करायला पोरं टपलेली असतात, कारण त्याला आजोबांची भरजरी शाल मिळते.

एका वर्षी नाटक संपल्यावर मेंढपाळ झालेला चिमुरडा माझ्याकडे आला. "बाई, योसेफाला स्वप्नात सांगितलं, पळ म्हणून. बाकीच्या बाळांच्या बाबांना देवाने का नाही सांगितलं?" याचं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं, आजही नाही. जेवढं ठाऊक आहे तेवढं मी त्याला सांगितलं. येशू त्या रात्री वाचला, पण कायमचा वाचला नाही. मोठा झाल्यावर तोही तसल्याच सत्तेच्या हातून मारला गेला, आणि तेव्हा तो पळाला नाही. मुलगा थोडा वेळ विचार करून म्हणाला, "मग ठीक आहे." मला तेवढं ठीक वाटलेलं नाही, पण नाताळची गव्हाण आणि उत्तम शुक्रवारचा वधस्तंभ यांच्यात अंतर किती कमी आहे, हे त्या पोराने माझ्या आधी ओळखलं.

४. दोन पक्ष्यांचा हिशेब

लूकच्या दुसऱ्या अध्यायात एक बारीकशी गोष्ट आहे. बाळाला घेऊन आईबाप यरुशलेमच्या मंदिरात जातात आणि पक्ष्यांची जोडी अर्पण करतात, पारव्यांची किंवा कबुतरांची. वाचताना ती डोळ्यांखालून निसटून जाते. लेवीय पुस्तकात नियम असा आहे, की बाळंतिणीने शुद्धीकरणाचे दिवस भरल्यावर वर्षाचं कोकरू आणि एक पक्षी आणावा. कोकरू परवडत नसेल तर दोन पक्षी चालतील. ते गरीब होते, असं लूक कुठेही लिहीत नाही. तो फक्त पक्षी सांगतो आणि पुढे जातो.

मला ही जागा दिसली ती आमच्या कापणीच्या सणामुळे. त्या रविवारी मंडळीचे लोक शेतात पिकलेलं, घरात असलेलं घेऊन येतात: बाजरीचं पोतं, भोपळे, कोंबडा, तुपाची बरणी. उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. एक आजी दरवर्षी पदरात बांधून अंडी आणायच्या. लिलावात अंड्यांना भाव तो काय येणार! पण गाठ सोडताना त्यांचा चेहरा असा असायचा, की पोतं आणणारा बागाईतदार बाजूला सरायचा. मरिया त्या रांगेत असती तर अंडी घेऊन आजींच्या मागेच उभी राहिली असती. देवाने आपल्या पुत्रासाठी आई निवडली ती पोतं आणणाऱ्यांतून निवडली नाही.

आणि ती बाई गरीब होती म्हणून गप्प नव्हती. पोटात बाळ असताना अलिशिबेच्या घरी तिने जे स्तोत्र गायिलं, त्यात राजे गादीवरून खाली ओढले जातात, भुकेले तृप्त होतात आणि धनवान रिकाम्या हातांनी परत जातात. निळ्या ओढणीतल्या, डोळे मिटलेल्या मरियेच्या चित्रांत हे सगळं कुठे जातं कोण जाणे. बाळ जन्मल्याची बातमीही आधी गेली ती उघड्यावर कळप राखणाऱ्यांकडे. आमच्या पारनेरकडचे धनगर दिवाळीनंतर वाडा घेऊन घाट उतरतात, घोड्यावर संसार, त्यावर बांधलेली कोंबडी आणि कोकरू. रात्री ज्याच्या शेतात कळप बसेल तिथेच मुक्काम. देवदूत अशांकडे गेले. पुरोहितांना आणि राजवाड्याला कळलं ते मागाहून, आणि तेही परक्या लोकांच्या तोंडून.

५. कोपीतला प्रश्न

कॅरलची फेरी म्हणजे रात्री ढोलकी, पेटी, टाळ घेऊन मंडळीच्या घरोघरी जायचं, गायचं, चहा प्यायचा. छानच असतं ते. पण आपण आपल्याच लोकांकडे जातो. एका वर्षी आमच्या महिला मंडळाने ठरवलं, की एक संध्याकाळ कारखान्यामागच्या ऊसतोडीच्या टोळीकडे जायचं. बीडकडची, पाथर्डीकडची माणसं हंगामात इथे येऊन राहतात. नवराबायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, ताडपत्री आणि पाचटाच्या कोप्या, दाराशी बैल. आम्ही ब्लँकेटं आणि फराळाचे डबे घेतले. फोटो काढायला हात शिवशिवत होते त्यांना मी फोन पर्समध्ये ठेवायला लावले. प्रवचन करायचं नाही, हेही आधीच ठरलं होतं. थंडीत कुडकुडणाऱ्या माणसाला पांघरुणाच्या मोबदल्यात उपदेश ऐकवणं मला कधीच बरं वाटलेलं नाही.

एका कोपीत नुकतंच बाळंतपण झालेलं. साडीच्या झोळीत मूल, बाहेर बैल वाढं चावताहेत, चुलीवर भाकर. सासूबाईंनी विचारलं, "कसला सण तुमचा?" मी सांगितलं, आमच्या देवाचा जन्म झाला त्याचा. कुठे झाला? परगावी. सरकारचा हुकूम निघाला नावं नोंदवायचा, म्हणून दिवस भरलेल्या बाईला शंभरावर किलोमीटर जावं लागलं. उतरायला जागा मिळाली नाही, तेव्हा बाळाला गव्हाणीत निजवलं. मला वाटलं, म्हातारी हळहळेल. ती म्हणाली, "मग? आमचंबी हितंच झालं की." आणि लगेच, "बाळंतिणीपाशी बाईमाणूस कोन व्हतं वं? पानी कुनी तापवलं?"

आयुष्यभर ती कथा वाचली, शिकवली, पाठ म्हणून घेतली. हा प्रश्न कधी सुचला नव्हता. लूक सांगत नाही. मत्तय सांगत नाही. पण कुणीतरी असणारच. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात पौल म्हणतो की देवाच्या बरोबरीचा असूनही ख्रिस्ताने स्वतःला रिकामं केलं. हे वाक्य मी कितीदा शिकवलं असेल. त्याचा खरा अर्थ पाणी तापवण्यापर्यंत खाली येतो, हे त्या कोपीत कळलं. ज्याने जग केलं त्याला पुसायला, गुंडाळायला, पाजायला माणूस लागलं. आमचा देव भेट देऊन जाणाऱ्या पुढाऱ्यासारखा आला नाही, राहायला आला, आणि आल्या दिवसापासून माणसांवर अवलंबून राहिला. देहधारण म्हणतात ते हेच.

पुढच्या वर्षीपासून मी नाटकात एक पात्र वाढवलं: गरम पाण्याची बादली घेऊन येणारी शेजारची म्हातारी. एका वडीलधाऱ्यांनी विचारलं, "हे शास्त्रात कुठे आहे?" मी म्हटलं, "बैल तरी कुठे आहेत?"

६. दुःखाच्या घरीही तारा लावावा

माझे यजमान गेले ते नोव्हेंबरात. आपल्याकडे घरात माणूस गेलं की वर्षभर सण करत नाहीत, आणि ती रीत ख्रिस्ती घरांतूनही आहे. जाऊबाई म्हणाल्या, यंदा तारा लावू नका, लोक काय म्हणतील. पाळकसाहेब भेटायला आले. त्यांनी समजूत घातली नाही, लूकचा दुसरा अध्याय उघडला आणि मेंढपाळांपाशी न थांबता पुढे वाचला. म्हातारा शिमोन बाळाला हातांत घेतो, देवाचे आभार मानतो आणि त्याच दमात मरियेला सांगतो की तुझ्या जिवातून तलवार आरपार जाईल. कडेवर महिन्याभराचं बाळ असताना! "नाताळ सुखी घरांसाठी राखून ठेवलाय असं कुणी सांगितलं?" एवढंच ते म्हणाले. मुलाने शिडी लावली आणि तारा टांगला.

त्या नाताळच्या उपासनेत प्रभुभोजन होतं. भाकर हातात आली तेव्हा वाटलं, गव्हाणीत निजवलेलं ते शरीर आणि हे मोडलेलं शरीर एकच आहे. देवाने आपल्यासारखा मरणारा देह घेतला तो मरणातून पार जाण्यासाठीच. पुनरुत्थान नसतं तर बेथलेहेमची कुणाला आठवणही राहिली नसती. यजमानांची जागा बाकावर रिकामीच होती आणि मला रडूही आलं. पण आशा हा भावनेचा प्रकार नाही, हे मला तेव्हापासून पक्कं ठाऊक आहे.

७. परका देव नव्हे

"तुमचा सण इंग्रजांचा" असं अजूनही कधी कधी ऐकू येतं. बेथलेहेम आशियात आहे, एवढं सांगून मी गप्प बसते. समोरच्याला वेळ असेल तर सांगते की फादर स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले ते जन्माने इंग्रज, पण ख्रिस्ताचं चरित्र त्यांनी मराठी ओव्यांत लिहिलं आणि ते 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापलं गेलं. नगरला राहून रेव्हरंड टिळकांनी 'ख्रिस्तायन' लिहायला घेतलं, १९१९ मध्ये ते गेले, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ते पुरं केलं. आमच्या चर्चमध्ये नाताळला टाळांच्या साथीवर अभंग होतात. केक आहेच, पण शंकरपाळ्यांनंतर.

८. सव्वीस तारखेनंतर

जुन्या रीतीने नाताळ २५ तारखेला सुरू होतो आणि बारा दिवस चालतो, ६ जानेवारीच्या प्रकटीकरणाच्या सणापर्यंत. आपल्याकडे तो २५ तारखेला दुपारच्या बिर्याणीबरोबर संपतो. ३१ डिसेंबरच्या मध्यरात्रीच्या उपासनेला पुन्हा गर्दी होते, आणि मग इस्टरपर्यंत कुणाचा पत्ता नसतो. कारखान्यामागच्या कोप्या मात्र मार्चपर्यंत तिथेच असतात. थंडी जानेवारीत वाढते, डिसेंबरात दिलेलं ब्लँकेट तोवर दोघा मुलांत वाटलेलं असतं.

म्हणून माझी विनंती एवढीच. २५ तारखेला चर्चमध्ये बसायला जागा मिळत नाही, मागच्या दाराशी उभं राहावं लागतं. नंतरच्या रविवारी बाकं रिकामी असतात. त्या रविवारी या. उपासना साडेनऊला सुरू होते, आणि अकराला आमची गाडी टोळीकडे निघते. गाडीत जागा आहे.